लेफ्ट बॅक आणि नळाचं पाणी

कोल्हापुरात फुटबॉलचा संघ कुणी निवडत नाही. तो पत्त्याबरोबर मिळतो. पाटाकडील तालमीच्या आसपास घर असेल तर तुम्ही ‘पीटीएम’चे, रविवार पेठेत असाल तर दिलबहारचे, जुना बुधवार पेठेत असाल तर जुना बुधवारचे, फुलेवाडीत असाल तर फुलेवाडीचे. बार्सिलोनाचा टी-शर्ट घालून हिंडणारा पोरगाही याला अपवाद नाही. बार्सिलोना त्याची आवड आहे, ती उद्या बदलेल. पेठेचा संघ मात्र रेशन कार्डावरच्या नावासारखा असतो, सहजासहजी कमी होत नाही.

बायकांचं नाव एका कार्डावरून कमी होऊन दुसऱ्यावर चढतं, ही गोष्ट वेगळी. माझं तसंच झालं. माहेर शिवाजी पेठ. वडील आणि भाऊ शिवाजी तरुण मंडळाचे, नुसते चाहते नाहीत, कडवे. सासर मंगळवार पेठ, पाटाकडीलच्या सावलीत. कोल्हापूरच्या बाहेर राहणाऱ्यांना यातली गंमत कळायची नाही. दोन्ही घरांमध्ये पायी दहा-पंधरा मिनिटांचं अंतर आहे, पण सामन्याच्या दिवशी ते वाढतं. सकाळीच भावाचा फोन येतो, माझ्यासाठी नाही, नवऱ्यासाठी. “दाजी, आज गोल मोजायला वही घेऊन या.” नवरा म्हणतो, “पाव्हणं, आधी मैदानात तर उतरा.” मी नवऱ्याला चहा विचारते आणि दुकानात जाते.

दुकान म्हणजे झेरॉक्सचं. तालमीपासून हाकेच्या अंतरावर, आणि समोर कट्टा. मशीन सुरू असलं तरी कट्ट्यावरचं सगळं ऐकू येतं. कोल्हापूरचा फुटबॉल मी मैदानात जेवढा पाहिला त्याहून जास्त या काउंटरमागून ऐकला आहे. हा लेख त्या ऐकण्यातून आलेला आहे.

आधी थोडं मागचं सांगते. कोल्हापूर म्हटलं की लोकांना कुस्ती आठवते, आणि ते बरोबरच आहे. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागचं मैदान उभं केलं, मल्लांना आश्रय दिला, पेठापेठांत तालमी जोमात आल्या. तालीम म्हणजे नुसता आखाडा नव्हता. पोरांनी पहाटे उठावं, शरीर कमवावं, मोठ्यांच्या नजरेखाली राहावं आणि गल्लीवर प्रसंग आला तर धावून जावं, अशी ती जागा. पुढे संस्थानाच्या आश्रयानं शहरात फुटबॉल रुजला तेव्हा त्याला वेगळे क्लब शोधत बसावं लागलं नाही. तालमी होत्याच. पोरं होती, ईर्षा होती, वर्गणी काढायची सवय होती. १९४० च्या सुमारास कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे आमची केएसए, स्थापन झाली आणि या ईर्षेला वेळापत्रक मिळालं. छत्रपती घराण्याचा आधार तेव्हापासून आजवर आहे. लीगलाही शाहू छत्रपतींचं नाव आहे.

म्हणून इथल्या संघांची नावं ऐकली तर बाहेरचा माणूस चक्रावतो. खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, ऋणमुक्तेश्वर तालीम, उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम, संध्यामठ तरुण मंडळ. यांतल्या एखाद्या नावाखाली सकाळी आरती होते, दुपारी रक्तदान शिबिर, आणि संध्याकाळी त्याच नावाचा संघ कॉर्नर किक घेत असतो. प्रॅक्टिस क्लबसारखं एखादं नाव तेवढं फुटबॉलचं वाटतं.

दुसरी गोष्ट मैदानाची. इंग्लंडमध्ये जवळपास प्रत्येक क्लबाचं आपलं मैदान असतं, पाहुणा संघ आला की त्याला घाबरवायचं असतं. इथे सगळ्यांचं मैदान एकच, राजर्षी शाहू स्टेडियम. कुणी यजमान नाही आणि कुणी पाहुणा नाही. पावसाळा सरला की खेळाडूंची नोंदणी होते, थंडीच्या सुमारास लीग लागते, मग उन्हाळाभर चषकामागून चषक. महापौर चषक, सतेज चषक, अटल चषक, राजेश चषक. एप्रिल-मेच्या उन्हात चार वाजता सिमेंटच्या पायऱ्या तापलेल्या असतात, त्यावर वर्तमानपत्र टाकून माणसं बसतात, आणि त्याच वर्तमानपत्रात कालच्या सामन्याचा सविस्तर वृत्तांत असतो. कुणी कुठल्या मिनिटाला मारला, कुणाच्या पासवर मारला, गोलरक्षकानं काय केलं, सगळं. वृत्तांतात एखादं नाव चुकलं तर दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर त्या वार्ताहराचं काही खरं नसतं.

आता कट्ट्याकडे येते. सामना संपला की माणसं घरी जात नाहीत, आधी कट्ट्यावर येतात. कुणी मिरजकर तिकटीला दुधाचा ग्लास मारून येतो, कुणी येताना भेळ बांधून आणतो. बोलणं साधारण असं चालतं:

“लेफ्ट बॅक जाग्यावर नव्हता बघ. दोनदा त्याच बाजूनं आत घुसले.”

“अरे, त्येला सुट्टीच मिळाली नव्हती. उद्यमनगरातनं थेट मैदानात आला त्यो. डबा बी खाल्ला नव्हता.”

“मालकाला सांगाय पायजे कुणीतरी.”

“मालक कोण हाय म्हाईत हाय न्हवं? दिलबहारचा!”

मग हशा. मग कारखान्यांच्या उद्यमनगरात सध्या ऑर्डरी कशा कमी आहेत यावर चर्चा. कुणाच्या फौंड्रीत दोनच पाळ्या चालल्यात, कुणाचा पोरगा चाकणला गेला, तिथं भाडं किती. तिथून घरभाडं, घरभाड्यावरून घरफाळा, घरफाळ्यावरून हद्दवाढ, जी माझ्या लग्नाच्या आधीपासून होणार होणार म्हणतात. आणि शेवटी नळाचं पाणी. काळम्मावाडी धरणातून येणारी थेट पाइपलाइन हा आमच्या शहराचा वर्षानुवर्षांचा विषय. २०२३ च्या दिवाळीत तिचं पाणी एकदाचं आलं तेव्हा कट्ट्यावर एक आबा म्हणाले, “टायब्रेकरला गेलती मॅच, पर जिंकली.” तरीही पाणी सुटायच्या वेळेवरून भांडण सुरूच आहे.

लेफ्ट बॅकपासून नळापर्यंत जायला दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत, आणि मध्ये कुठेही विषय बदलल्यासारखं वाटत नाही. सुरुवातीला मला वाटायचं, बोलणं भरकटतंय. पुष्कळ ऐकल्यावर लक्षात आलं की विषय एकच आहे. लेफ्ट बॅक गल्लीतला आहे. तो उशिरा का आला याचं कारण उद्यमनगरात आहे. त्याच्या घरी पाणी रात्री येतं म्हणून त्याची झोप होत नाही. त्याच्या बहिणीचं लग्न ठरलंय म्हणून तो जादा पाळी करतो. इंग्लंडातल्या क्लबाच्या चाहत्याला आपल्या लेफ्ट बॅकची ट्रान्सफर फी माहीत असते. आमच्या कट्ट्याला लेफ्ट बॅकच्या घरचं दूध कुठून येतं ते माहीत असतं.

म्हणूनच इथल्या टीकेला एक मर्यादा आहे, आणि ती कुणी लिहून दिलेली नाही. मैदानात वाट्टेल ते ओरडतील. पण कट्ट्यावर आपल्या पोराला बोलायचं तर आजूबाजूला बघून. एका महत्त्वाच्या सामन्यात एका पोरानं पेनल्टी आभाळात मारली. संघ कुठला, ते सांगत नाही, कारण त्याची आई माझ्याकडेच झेरॉक्सला येते. दुसऱ्या दिवशी ती उत्पन्नाच्या दाखल्याच्या प्रती काढायला आली तेव्हा कट्ट्यावर सातजण बसले होते आणि सातही जण एकाएकी सोन्याच्या भावावर बोलायला लागले. ती गेली आणि पेनल्टी परत सुरू झाली. “उजव्या पायाचा खेळाडू, आणि डावीकडं कशाला बघत होता?” आईसमोर मात्र चकार शब्द नाही. तो पोरगा स्वतः तिसऱ्या दिवशी कट्ट्यावर आला, त्याला कुणी काही बोललं नाही, एकानं सरकून जागा दिली. एवढ्यानं त्याला सगळं कळलं असणार.

गेल्या काही वर्षांत या नियमाला एक वेगळी कसोटी लागली. संघ बाहेरून खेळाडू आणायला लागले. गोव्याचे, बंगालचे, आणि आफ्रिकेतले, त्यांत नायजेरियाचे जास्त. कट्ट्याच्या भाषेत ‘फॉरेनर’. किती घ्यायचे यावर मर्यादा आहे, पण ज्या संघाकडे चांगला फॉरेनर, त्याच्याकडे गोल, हे समीकरण लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं. जुने खेळाडू कुरकुरतात. पैसा वाढला, गल्लीतल्या पोराची जागा गेली, म्हणतात. त्यात तथ्य आहेच. पण मला काउंटरवरून दिसलेली बाजू निराळी आहे.

असा एक खेळाडू गल्लीत भाड्यानं राहायला आला. पासपोर्टच्या प्रती, व्हिसाच्या प्रती, भाडेकराराच्या प्रती, सगळं माझ्याकडे. पहिल्या महिन्यात कट्टा त्याच्यावर मोकळेपणानं तुटून पडायचा. त्याची आई इथे नव्हती, त्याला मराठी येत नव्हतं, संकोच कशाचा? मग त्यानं रात्री कट्ट्यावर बसायला सुरुवात केली. मग “काय भावा” म्हणायला शिकला. मग कुणाच्या तरी घरी तांबडा रस्सा प्याला, नाकातोंडातून पाणी आलं, आणि तरी दुसरी वाटी मागितली. त्या वाटीनंतर त्याच्यावरची टीका हळू आवाजात व्हायला लागली. घरमालकीण पुढे भाजी घेताना दुसऱ्या बाईला सांगत होती, “आमच्या पोराला फाऊल दिला नाही रेफ्रीनं.” आमच्या पोराला! गल्लीनं मान्य केला म्हणजे काय झालं, तर त्याला शिव्या देण्याआधी आजूबाजूला बघायला लागले.

पैशाचंही सांगायला हवं. संघ चालवायचा म्हणजे बूट, जर्सी, फिजिओ, खेळाडूंचं मानधन, बाहेरच्यांची राहण्याची सोय. तालमीची वर्गणी त्याला पुरत नाही. मग देणगीदार येतात, बिल्डर येतात, नगरसेवक आणि होऊ घातलेले नगरसेवक येतात. चषकांना नावं कुणाची आहेत आणि बक्षिसाच्या रकमा लाखांत कशा जातात, हे बघितलं तर शहराचं राजकारण समजायला दुसरं काही वाचावं लागत नाही. स्टेडियमभोवतीच्या फलकांवर हात जोडलेले चेहरे असतात. कट्टा त्यांना ओळखून असतो. “जर्सीवर नाव टाकलंय, गटारावर झाकण कधी टाकणार?” हा प्रश्न मी स्वतः ऐकलेला आहे, आणि विचारणाऱ्यानं अंगात तीच जर्सी घातलेली होती.

आता कटू भाग. ही जवळीक जेवढी गोड तेवढीच घातक आहे. संघ म्हणजे गल्ली, तर संघाचा पराभव म्हणजे गल्लीची नाचक्की, आणि समोरच्या गॅलरीत बसलेला माणूस म्हणजे दुसरी गल्ली. शाहू स्टेडियममध्ये हुल्लडबाजी झालेली आहे, दगड आणि बाटल्या आलेल्या आहेत, सामने अर्ध्यावर थांबले आहेत, पोलिसांना काठ्या चालवाव्या लागल्या आहेत. मोठ्या सामन्याला आजही बंदोबस्त असतो. केएसएनं कारवाई केली, तालमीतल्या जाणत्यांनी बैठका घेतल्या, थोडं शमलं, परत उसळलं. पोरं जखमी झाली, गुन्हे दाखल झाले. पुढे नोकरीसाठी चारित्र्य पडताळणीचा अर्ज भरायची वेळ आली तेव्हा त्याच पोरांचे बाप माझ्या दुकानात डोकं धरून बसलेले मी पाहिले. आपल्या लेफ्ट बॅकच्या आईला जपणारी माणसं समोरच्या लेफ्ट बॅकलाही आई असते हे नव्वद मिनिटं विसरतात. ‘पेठेची अस्मिता’ म्हणून यावर पांघरूण घालणाऱ्यांशी माझं पटत नाही. दोन पेठांत नाती असलेल्या बायकांना विचारून बघा. आम्हाला दोन्हीकडे कुणाच्या डोक्याला टाके पडले ते कळतं.

पाऊस लागला की मैदान बंद. तेव्हा फुटबॉलचं बोलणं थांबत असेल असं वाटेल, तर नाही. आषाढात त्र्यंबोलीच्या, म्हणजे टेंबलाईच्या, यात्रेला पंचगंगेचं नवं पाणी ‘पी ढबाक’ वाद्यांच्या तालावर टेंबलाईच्या टेकडीवर जातं आणि मिरवणुकीत चालता चालता पुढच्या हंगामात कोण कुठल्या संघात जाणार याची खलबतं होतात. जुलै उजाडला की कट्ट्यावर आकडे बदलतात. गोल, गुण, क्रमवारी जाऊन राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची पातळी येते. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. दर तासाला कुणीतरी मोबाईल काढून आकडा वाचतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, दोन वर्षांनी पुन्हा तेच. शहराच्या खालच्या भागांत घरं बुडाली. तेव्हा पेठापेठांतल्या तालमींची पोरं दोर आणि ट्यूब घेऊन पाण्यात उतरली, मंडळांच्या हॉलमध्ये चुली पेटल्या. एरवी एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोन संघांची पोरं एकाच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून पिण्याचं पाणी वाटत होती. त्यांना कुणी बोलावणं पाठवलं नव्हतं. कोण किती पळतो, कुणाचा दम टिकतो, कुणाच्या शब्दावर दहाजण उठतात, हे हंगामभर मैदानात ठरलेलं होतं.

बाहेरच्या जगाशीही आमचं नातं आहे. विश्वचषक आला की पेठांत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, मेस्सी-नेमार-रोनाल्डोचे कटआऊट उभे राहतात. २०२२ च्या डिसेंबरात अर्जेंटिनानं फ्रान्सला टायब्रेकरवर हरवलं त्या रात्री इथे दिवाळी होती. पण खरी दिवाळी त्याआधी, २०१७ च्या ऑक्टोबरात झाली. सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात होता आणि भारताच्या संघात आमचा अनिकेत जाधव होता. दिल्लीत भारत अमेरिकेकडून हरला, कोलंबियाकडून हरला, घानाकडून हरला. कट्ट्यानं तिन्ही सामने पाहिले आणि तिन्ही वेळा निष्कर्ष काढला की अनिकेतला बॉलच मिळत नव्हता. हरल्याचं दुःख होतं, पण त्याच्या पाठीवरचा क्रमांक टीव्हीवर दिसला की पोरं उठून उभी राहायची. तो पुढे आयएसएलमध्ये खेळला. तेव्हापासून गांधी मैदानावर पहाटे येणाऱ्या पोरांच्या आयांचा प्रश्न बदलला. आधी विचारायच्या, “खेळून काय मिळणार?” आता विचारतात, “पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीचा फॉर्म कधी निघतो?” त्या फॉर्मला लागणाऱ्या सगळ्या प्रती मी आधीच पाठ करून ठेवल्या आहेत.

पेठा मात्र आता पूर्वीच्या राहिल्या नाहीत. वाडे पाडून अपार्टमेंट झाली, भाऊहिस्से झाले, माणसं कळंब्याकडे, आर. के. नगरकडे, पाचगावाकडे फ्लॅट घेऊन गेली. पेठेचा संघ पेठेबाहेर राहणाऱ्या माणसांचा होत चालला आहे. तरी रविवारी सकाळी ती माणसं गाडीवरून येतात, जुन्या कट्ट्यावर बसतात, जुन्या हॉटेलात मिसळ खातात, दाढीसुद्धा जुन्याच सलूनमध्ये करतात. बायको विचारते, दाढीला सहा किलोमीटर कशाला? तिला उत्तर मिळत नाही. मला वाटतं, लेफ्ट बॅकबद्दल बोलायला ज्याला लेफ्ट बॅकचं घर माहीत आहे असा माणूस लागतो, आणि तो कळंब्याच्या सोसायटीत नसतो.

आणि आता एक नवीच पंचाईत उभी राहिली आहे. मुली खेळायला लागल्या आहेत. कोल्हापूर सिटी नावाचा मुलींचा संघ इंडियन विमेन्स लीगपर्यंत जाऊन आला. माझी मुलगी शाळेपासून खेळते, लेफ्ट विंगला. मुलींच्या संघांना अजून पेठ चिकटलेली नाही. त्यामुळे तिचा सामना असला की माझा भाऊ आणि माझा नवरा एकाच बाजूला बसून ओरडतात. हे दृश्य आमच्या दोन्ही घरांत पूर्वी कुणी पाहिलं नव्हतं. तिनं गोल केला की भाऊ म्हणतो, “भाची कुणाची? शिवाजी पेठेचं रक्त हाय ते.” नवरा म्हणतो, “रक्त ऱ्हाऊ दे पाव्हणं, बूट कुणी घेऊन दिलं?” मग दोघं निकालासाठी माझ्याकडे बघतात. मी निकाल देत नाही. दोन्हीकडे जेवायला जायचं असतं.